मागायच्या आधीच रुमाल

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

नमस्कार, गुडघा कसा आहे, व्यायाम करतेस ना, हे सगळं विचारून झालं असं समज. तू चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरची सिस्टर होतीस, तुला मी काय शिकवणार? फोन केला तर "तू मधेच काहीतरी खातेस आणि नुसतं हं हं करतेस" म्हणून ठेवून देतेस. पत्रात हं हं करता येत नाही, हे तुझं म्हणणं मान्य. म्हणून हा कागद.

मी अडचणीत आहे. आमच्या मालिका कंपनीतल्या मोठ्या बाईंनी मला पहिल्यांदाच माझी स्वतःची मालिका लिहायला दिली. माझी नायिका रुग्णवाहिका चालवते. मी पहिला भाग नेऊन दिला. बाईंनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "छान आहे. आता हे कोरियन कर."

"म्हणजे नेमकं काय करू?"

"त्यांच्या त्या ॲक्शन थ्रिलर मालिका असतात ना? माणूस जागचा हलत नाही. तसं."

एवढं बोलून त्या मीटिंगला गेल्या. तेव्हापासून आमच्या खोलीत पाच जण डोकं धरून बसलेत. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'दर सात मिनिटांनी मारामारी'. आमच्यातल्या एकाने घड्याळ लावून मोजलंय म्हणे. मी तसं लिहून बघितलं. अकरा मारामाऱ्या झाल्या आणि सातवीला मला स्वतःलाच जांभई आली. ९ मार्चला सोळाही भागांचा आराखडा द्यायचाय, शेवटासकट. नाही जमलं तर मालिका दुसऱ्याच्या हातात जाईल.

बाबा म्हणाले, ऑपरेशन झाल्यापासून तू कोरियन मालिका बघतेस, आणि तीही हाणामारीची. खरं की काय? बातम्या लागल्या तरी आवाज बंद करणारी तू! मग मला सांग, ती का बघवते? फळा बाजूला ठेवून सांग.

तुझी भिंगरी


९ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुझ्या बापाच्या पोटात कधी काही राहिलं नाही, आता तरी कशाला राहील? हो, बघते. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी चार वाजता, एका वेळी एकच भाग. सहा झाले.

त्यात एक इस्त्रीवाला आहे. कोरियन नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून मी सगळ्यांचं बारसं केलं. हा पूर्वी सरकारचा गुप्तहेर होता. त्याच्या जोडीदाराला कुणीतरी मारलं, तेव्हापासून सगळं सोडून कपडे धुण्याचं आणि इस्त्रीचं दुकान चालवतो. दुकानाच्या वर त्याची म्हातारी घरमालकीण राहते. तिच्या लेखी हा एक बावळट भाडेकरू. सारखी त्याच्या मागे लागते, हे आण, ते पोचव, दोरा संपला, बटणं आण. आणि एक खलनायक आहे, त्याचं नाव मी गुळगुळीत ठेवलंय. त्याच्या गालावर माशी बसली तर घसरून पडेल.

चौथ्या भागात इस्त्रीवाला आठ शर्ट घेऊन लिफ्टने वर निघतो. सहा वाजेपर्यंत ते पोचवायचे असतात. मधल्या मजल्यावर सहा गुंड आत शिरतात. तुझ्या फळ्याच्या हिशोबाने ही मारामारी. पण तो एका हाताने शर्टांचे हँगर वर धरून दुसऱ्या हाताने लढतो, कारण शर्टांना सुरकुती पडता कामा नये. सहा जण कसे आडवे झाले ते मला आता आठवत नाही. शर्ट मात्र डोळ्यांसमोरून हलत नाहीत. मी खुर्चीच्या कडेला सरकले ती त्या शर्टांसाठी.

पाचव्या भागात त्याच्या डाव्या हाताला सुरी लागली. मी मनात म्हटलं, पुढच्या भागात हा हात ठणठणीत असणार, बघायलाच नको. तर सहाव्या भागात तो उजव्या हाताने इस्त्री करतोय आणि डाव्या हाताने कॉलर धरताना ओठ चावतोय! मी टाळी वाजवली. थिएटरमध्ये आम्ही ऑपरेशनच्या आधी आणि नंतर कापसाचे बोळे मोजायचो, एकही कमी चालायचा नाही. या लोकांनी जखमा तशा मोजल्यात. लागलेलं विसरत नाहीत, म्हणून मीही त्याला मार बसताना हसत नाही.

लिफ्टच्या बाबतीत माझ्याकडे तज्ज्ञ आहेत. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, आता निवृत्त. मला दवाखान्यातून आणलं त्या दिवशी आमची लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मधे अडकली. यांनी बाहेरून दार उघडलं आणि मला खुर्चीसकट वर ओढून घेतलं. तेव्हापासून गुडघ्याची चौकशी करायला येतात. त्यांचं म्हणणं, सहा गुंड आणि एक इस्त्रीवाला म्हणजे त्या लिफ्टची मर्यादा संपली, ती जागची हलणारच नाही. एवढं सगळं बोलले आणि मारामारी सुरू होताच डोळे घट्ट मिटून बसले.

तुझी आत्या


१३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

शर्ट! मी फळा पुसला. माझ्या नायिकेला मी एका भागात सात गुंडांशी लढवलं होतं. आता तिच्या गाडीत मागे एक पेशंट आहे, त्याची सलाईनची बाटली तिने हातात उंच धरली आहे, आणि गुंड तीनच. लिहिताना माझाच हात दुखायला लागला.

आमच्या खोलीत तुझं पत्र मोठ्याने वाचलं. घड्याळवाल्या गड्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. सगळ्यांनी विचारलंय की गुळगुळीतबद्दल आत्या काय म्हणतात. माझा खलनायक नुसता मोठ्याने हसतो. त्याचं काय करू?

आणि काय गं, मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी चार वाजता गुडघ्याची चौकशी? गुडघ्याचं वेळापत्रक बरं आहे.

तुझी भिंगरी


२१ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

आगाऊपणा कमी कर. शेजारधर्म म्हणून काही असतं.

तुझ्या खलनायकाला आधी हसायचं बंद करायला सांग. आमचा गुळगुळीत कधीच हसत नाही. आठव्या भागात तो त्याच्या म्हाताऱ्या बापाला फिरायला नेतो. बापाच्या बुटाची नाडी सुटते. हा एवढा मोठा माणूस भर रस्त्यात गुडघ्यावर बसतो, नाडी बांधतो, दुहेरी गाठ मारतो, आणि बसल्या बसल्याच फोनवर सांगतो, "इस्त्रीवाल्याला आज संपवा." माझा हात कपाळाला गेला. दुष्ट माणूस घरी कुणाचा तरी चांगला मुलगा असतो, हे दवाखान्यात मी कितीदा बघितलंय. त्याची भीती वाटते ती त्यामुळे. तो आपल्यासारखा वाकतो.

आणि प्रत्येक भाग अशा ठिकाणी संपवतात की जीव टांगणीला. काल दहाव्या भागाच्या शेवटी दुकानाच्या दाराची कडी हलली आणि संपलं! लिफ्टवाले उठून उभे राहिले. म्हणाले, "हे बरोबर नाही. लिफ्टमध्ये माणूस अडकला तर आम्ही निदान आतल्याशी बोलत तरी राहायचो." मग आमचं ठरलं, दोघांपैकी कुणीही एकट्याने पुढचं बघायचं नाही. त्यांनी तर माझ्याकडून शब्दच घेतला. तेही घरी बघू शकतात, पण बघत नाहीत. कडी कोण हलवतंय यावर आम्ही तासभर बोललो आणि दोघांच्याही चहाचं पाणी झालं.

त्यांना रडू फार लवकर येतं. गुंडाच्या मांजरालाही लागलं तर डोळे भरतात. मी त्यांच्यासाठी एक मोठा रुमाल वेगळा धुऊन ठेवला आहे. त्याच्यावरून टोमणा मारू नकोस.

तुझी आत्या


२७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

टोमणा नाही मारत. फक्त हा कागद गालातल्या गालात हसतोय, त्याला मी काय करू?

पण आता माझं ऐक. चौदा भाग उभे राहिले, शेवट जमत नाही. तुझी मालिका मीही बघितली, एका रविवारी बसून सगळी. माझ्या लक्षात फक्त कोण कसं मेलं ते राहिलं. तुझ्यासारखं मला दिसत नाही. तुमचा सोळावा भाग १३ मार्चला होणार आणि मला ९ तारखेला आराखडा द्यायचाय. आत्या, एवढ्या एका वेळी शेवटचे तीन भाग आधी बघशील? बघ आणि शेवट का जमलाय ते लिही. लिफ्टवाल्यांना कळायचं काही कारण नाही. त्यांच्याबरोबर पुन्हा बघ, तेव्हा घाबरल्यासारखं कर.

पाया पडते.

तुझी भिंगरी


४ मार्च

प्रिय भिंगरी,

बघितले. आज सकाळी खिडकीचा पडदा ओढून, चोरासारखे. शब्द दिलेला असताना. पण तू पहिल्यांदाच काही मागितलंस आणि मला नाही म्हणवेना.

शेवट जमलाय तो घरमालकिणीमुळे. पंधराव्या भागात कळतं, की तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं हा कोण आहे. ती सारखी त्याला दोरा आण, बटणं आण म्हणून बाहेर पिटाळायची ना? जेव्हा जेव्हा तिने पिटाळलं, तेव्हा तेव्हा दुकानावर कुणीतरी पाळत ठेवून होतं. पंधरा भाग आपण तिला कटकटी म्हणून हसलो आणि ती पंधरा भाग त्याला वाचवत होती. मी मागे जाऊन पहिला भाग पुन्हा लावला. तीच म्हातारी, तीच वाक्यं, पण मला आता हसू येईना. बाई गं, हे कसब! सगळं काही आपल्या समोर ठेवलेलं होतं.

मग ती दुकानाचं शटर बाहेरून ओढून घेते, पुढ्यात खुर्ची टाकते आणि शर्टाला बटण लावत बसते. आत तो, बाहेर ती, आणि समोरून गाड्या येतात. पुढे तिचं काय होतं ते तुला माहीत आहे. इथे लिहीत नाही. पत्र टेबलावर पडून असतं आणि लिफ्टवाल्यांची नजर बारीक आहे.

तेव्हा तुझ्या गोष्टीत बघ, कुणाला सगळं माहीत आहे आणि कोण गप्प बसलंय. शेवट तिथे मिळेल.

शुक्रवारी त्यांच्याबरोबर चौदावा भाग आहे. मला काही माहीतच नाही असा चेहरा करायचाय. ऑपरेशनच्या वेळी तोंडावर मास्क असायचा, ते किती सोयीचं होतं ते आज कळतंय.

तुझी आत्या


१० मार्च

आत्या! आत्या! आत्या!

पास! माझ्या नायिकेला वायरलेसवरून रस्ते सांगणारा एक कुरकुऱ्या म्हातारा आहे, त्यालाच सगळं माहीत होतं. तो तिला सारखा लांबच्या रस्त्याने पाठवायचा आणि ती चिडायची. मोठ्या बाईंनी वाचलं, पुन्हा पहिल्या पानावर गेल्या, आणि चक्क डोळे पुसले. म्हणाल्या, "ही कुठून आणलीस अक्कल?" मी म्हटलं, "गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एका सिस्टरकडून."

आता सोळावा भाग पूर्ण लिहायला बसतेय. शुक्रवारी तुमचाही सोळावा. लिफ्टवाल्यांना रुमाल दोन लागतील. लगेच लिही!

तुझी भिंगरी


२४ मार्च

प्रिय आत्या,

दोन आठवडे झाले, तुझी एक ओळ नाही. गुडघा सुजला का? व्यायाम जास्त झाला का? बाबांना विचारलं तर म्हणाले, "ती ठीक आहे, पण टीव्हीवर कापड घालून ठेवलंय." हे काय नवीन? माझा जीव वरखाली होतोय. दोन ओळी तरी पाठव.

भिंगरी


२८ मार्च

प्रिय भिंगरी,

गुडघा छान आहे. बाकी काही छान नाही.

मंगळवारी, १० तारखेला, पंधरावा भाग लावला. म्हातारीने शटर ओढलं, खुर्ची टाकली, बटण लावायला बसली. अजून काहीच झालेलं नव्हतं. गाड्यांचा आवाजसुद्धा नव्हता. आणि मी रुमाल उचलला, घडी उलगडली आणि लिफ्टवाल्यांच्या हातात ठेवला.

तुला माहीत आहे ना, चौतीस वर्षांत एकाही डॉक्टरला माझ्याकडे कात्री मागावी लागली नाही. त्यांचा हात पुढे यायच्या आधी वस्तू हातात. त्यावरच माझं नाव होतं. माझ्या हातांनी त्या दिवशी मला विचारलंच नाही.

त्यांनी रुमालाकडे बघितलं, मग टीव्हीकडे, मग माझ्याकडे. म्हणाले, "अजून तर काही झालेलं नाही."

मी रुमाल परत घ्यायला हात पुढे केला.

"तुम्ही आधी बघितलंय."

मी मान हलवली. त्यांनी रुमालाची परत घडी घातली, चार पदरी, आणि टेबलावर ठेवला. म्हणाले, "मी डोळे मिटायचो तेव्हा वाटायचं, शेजारी तुम्हीही घाबरलेल्या आहात. त्या जोरावर मी बघत होतो. आज मी एकटाच घाबरत होतो आणि तुम्ही माझी गंमत बघत होतात." आणि ते गेले. गाड्या यायच्याही आधी गेले. म्हणजे म्हातारीचं काय होतं ते त्यांना अजून माहीत नाही, आणि मी सांगूही शकत नाही. सांगितलं तर आणखी एक गुन्हा.

मी काही गंमत बघत नव्हते गं. पण ते कुठल्या तोंडाने सांगू?

आता दुपारी चार वाजता लिफ्टचा आवाज येतो, ती तिसऱ्या मजल्यावर थांबते आणि वर येत नाही. मला त्यांची फार आठवण येते. त्रेसष्टाव्या वर्षी हे लिहिताना लाज वाटायला हवी होती, पण वाटत नाही. वाईट मात्र वाटतंय.

तुझी आत्या


२ एप्रिल

आदरणीय लिफ्टवाले काका,

तुम्ही मला ओळखत नाही. पाचव्या मजल्यावरच्या सिस्टरची मी भाची. मालिका लिहिते. तुमचा पंधरावा भाग नासवला तो मी. आत्याने शब्द मोडला तो माझ्यासाठी. मी तिला गळ घातली आणि वर, घाबरल्यासारखं कर, असंही शिकवलं. ती ते करू शकली नाही, यावरून ती किती खोटं बोलू शकते ते तुम्ही ओळखा. रागवायचं तर माझ्यावर रागवा.

सोबत माझ्या मालिकेच्या शेवटच्या भागाची पानं आहेत. हा भाग अजून कुणीही वाचलेला नाही, आमच्या मोठ्या बाईंनीही नाही. एकूण साठ पानं. तुमच्या पाकिटात दोन, चार, सहा अशी सम आकड्यांची तीस आहेत. एक, तीन, पाच ही विषम पानं आजच्याच टपालाने आत्याकडे गेली आहेत. एकट्याने वाचली तर दोघांनाही काही कळायचं नाही. पाकीट तिच्यासमोरच उघडा, एवढी विनंती.

तुमची,
सिस्टरची भाची


७ एप्रिल

चि. लेखिकाबाई यांस,

पत्र आणि पाकीट मिळालं. तुमचा मोकळेपणा आवडला. राग फार दिवस ठेवायची मला सवय नाही, पण स्वतःहून वर कसं जावं ते सुचत नव्हतं. पाकीट जसंच्या तसं टेबलावर ठेवलं आहे. तुम्ही म्हणता तसं तुमच्या आत्याबाईंसमोरच उघडीन. येत्या मंगळवारी चार वाजता येऊ का, म्हणून त्यांच्या दाराखालून चिठ्ठी सरकवली आहे.

आपला,
तिसऱ्या मजल्यावरचा शेजारी

ता. क. लिफ्टचा दोर तुटला तरी लिफ्ट कोसळत नाही. तिला खाली ब्रेक असतो, तो रुळांना घट्ट धरतो. पान चौदा दुरुस्त करावं.


१५ एप्रिल

प्रिय भिंगरी,

आले. बरोबर चार वाजता, इस्त्रीचा शर्ट घालून, पाकीट छातीशी धरून. मी टीव्हीवरचं कापड काढून ठेवलं होतं. आम्ही सरळ वाचायलाच बसलो. पहिलं पान माझं, दुसरं त्यांचं. ते वाचताना आवाज बदलतात हे मला माहीत नव्हतं. तुझा वायरलेसवाला म्हातारा त्यांनी असा काही केला की तू ऐकायला हवं होतंस.

त्रेचाळिसावं पान माझं होतं. तुझी नायिका रुग्णवाहिकेच्या मागे येते. दार उघडायला हात पुढे करते. मी सावकाश वाचत होते. अजून तिचा हात दाराला लागलाही नव्हता. सहज बघितलं, तर लिफ्टवाल्यांनी डोळे घट्ट मिटलेले!

मी पान खाली ठेवलं. "तुम्ही वाचलंय."

त्यांनी एक डोळा उघडला. "फक्त सम आकड्यांची."

"पाकीट टेबलावर होतं ना?"

"दोन दिवस होतं. मग मला राहवेना. दोन वेळा वाचली, पण मधलं काही कळेना. फार हाल झाले."

भिंगरी, मी इतकी हसले की नवा गुडघासुद्धा हलला. तेही हसायला लागले. मग त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "फिट्टंफाट?" मी म्हटलं, "फिट्टंफाट." एवढ्या दिवसांचं ओझं त्या एका शब्दावर उतरलं. तुझी उरलेली पानं वाचून संपवली. शेवट फर्मास आहे. त्यावर वेगळं पत्र लिहीन.

मग आम्ही पंधरावा भाग लावला, अर्धा राहिलेला, आणि लगेच सोळावा. मला सगळं माहीत होतं. पण मी टीव्हीकडे बघितलंच कमी. त्यांच्याकडे बघत होते, आणि या वेळी त्यांना तसं आधीच सांगून टाकलं होतं. म्हटलं, "मी गंमत बघत नाही. तुम्ही घाबरता ते मला बघायला आवडतं." त्यांचे कान लाल झाले.

रुमाल माझ्या मांडीवर होता. गाड्या आल्या, हात आपोआप निघाला, मी रुमाल मुठीतच धरला. म्हातारी खुर्चीवरून पडली, मी मूठ आणखी घट्ट केली. सोळाव्या भागात इस्त्रीवाला दवाखान्याच्या बाकावर तीन दिवस बसून असतो. मग ती डोळे उघडते, त्याच्याकडे बघते आणि म्हणते, "हा काय शर्ट? इस्त्री कोण करणार?" जगली, भिंगरी! आणि लिफ्टवाले ढसाढसा रडायला लागले. मरणाला रडले नसते इतके जगण्याला रडले. टीव्हीवरची नजर न हलवता त्यांनी हात माझ्याकडे केला.

तेव्हा मी रुमाल दिला. जन्मात पहिल्यांदाच मी कुणी मागेपर्यंत थांबले.

त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "सोळा भाग संपले. आता मंगळवारी चारला मी काय करू?"

"दुसरी एक आहे. वीस भागांची."

"आणि ती संपल्यावर?"

मला पुढचं नेहमी आधी दिसतं. या वेळी काहीच दिसेना. मी म्हटलं, "मला माहीत नाही."

"मलाही नाही," ते म्हणाले. "मग बरं झालं. बघू या का दोघं मिळून?"

मी हो म्हटलं. आज सकाळी विवाह नोंदणी कार्यालयात अर्ज देऊन आलो. २२ मे ही तारीख मिळाली आहे, शुक्रवार. वेळ मात्र मी मुद्दाम सकाळची मागितली. चार वाजता पहिला भाग आहे. साक्षीदार म्हणून सही करायला तू यायचंस. तुझ्या बापाला मी स्वतः सांगेन, तोवर तुझ्या पोटात ठेव. तू काही त्याच्यावर गेलेली नाहीस.

तुझी आत्या


२० एप्रिल

प्रिय आतोबा,

हे दोन शब्द लिहिले आणि पाच मिनिटं नुसती बघत बसले. आत्याने लग्न केलं नाही म्हणून हा शब्द आमच्या घरात कुणी वापरलाच नव्हता. आता रोज वापरणार आहे, कारण नसलं तरी.

तुमची चोरी मला तुमच्या ७ तारखेच्या पत्रावरूनच कळली होती. पाकीट न उघडता पान चौदावर काय लिहिलंय ते सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. आत्याला मी त्यातलं एक अक्षरही कळवलं नाही. ते तुमचं तुम्हीच पकडून द्याल याची खात्री होती.

पान चौदा दुरुस्त केलं आहे. लिफ्ट आता कोसळत नाही. ती चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मधे अडकते. आत एक बाई खुर्चीवर बसलेली आहे, आणि बाहेरून एक माणूस दार उघडतो. या प्रसंगात मारामारी नाही, कुणी कुणाला हातसुद्धा लावत नाही. मोठ्या बाई वाचता वाचता जागच्या हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पुढे यांचं काय होतं?" मी म्हटलं, "ते त्या दोघांनाही माहीत नाही."

२२ मेला सकाळीच पोचते. येताना दोन मोठे रुमाल धुऊन आणीन, पण तुम्ही मागेपर्यंत देणार नाही.

तुमची,
भिंगरी